जुन्या इमारतीत नवी लादी बसवताना

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चार मजली सोसायटीत बहुतेक घरांमध्ये अजूनही इमारत बांधतानाची मोझॅकची लादी आहे. दहा इंची चौकोन, त्यांत संगमरवराचे बारीक तुकडे आणि वर्षानुवर्षे पुसून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग. ती बदलायची असे आम्ही ठरवले, तेव्हा आप्तेष्टांनी पहिला प्रश्न रंगाचा विचारला आणि दुसरा दराचा. माझ्या मते जुन्या इमारतीत या दोन्हींच्या आधी स्लॅबचा प्रश्न येतो. आपल्या घराची जमीन हे खालच्या घराचे छत असते, त्यामुळे तिच्यावर आपण किती वजन वाढवतो आहोत हे ठाऊक असल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये.

हिशोब अवघड नाही. सिमेंट-वाळूच्या मालाचा पाच सेंटीमीटर जाडीचा थर घातला, तर दर चौरस मीटरला त्याचे वजन सुमारे १०० किलो भरते आणि त्यावरच्या व्हिट्रिफाइड (उच्च तापमानाला भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या) टाइलचे वीसेक किलो वेगळे. राहत्या खोलीच्या स्लॅबची आखणी करताना माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरण्याचा भारतीय मानकांचा प्रघात आहे. म्हणजे जुनी लादी तशीच ठेवून तिच्यावर नेहमीचा मालाचा थर घातला, तर त्या क्षमतेचा अर्ध्याहून अधिक वाटा घरात एकही खुर्ची ठेवण्यापूर्वी कायमचा खर्ची पडतो. आमच्या साडेचारशे चौरस फुटांच्या घरासाठी हा आकडा पाच टनांच्या आसपास जात होता. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी करून घ्यावे लागते. त्या परीक्षणाचा अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असतो आणि तो सभासदाला पाहता येतो. अशा कामापूर्वी तो अवश्य वाचावा, आणि शंका असेल तर परीक्षण करणाऱ्या अभियंत्यालाच विचारावे.

दोन मार्ग उरतात. जुनी लादी तिच्याखालच्या मालासकट काढून टाकायची, किंवा तिच्यावरच विशेष चिकटद्रव्याने पातळ टाइल बसवायची. पहिल्या मार्गाने वजन घटते, कारण मोझॅकची लादी सव्वादोन सेंटीमीटर जाड असते आणि तिच्याखालचा मालही बराच असतो. पण ब्रेकरचे (फोडण्याच्या यंत्राचे) हादरे जुन्या स्लॅबला सोसवतीलच असे नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताचे प्लास्टर आधीच एका कोपऱ्यात फुगले होते आणि अभियंत्यांनीही हादरे टाळण्याचा सल्ला दिला. म्हणून खोल्यांमध्ये आम्ही दुसरा मार्ग घेतला. नऊ मिलिमीटरची टाइल आणि तीन-चार मिलिमीटरचे चिकटद्रव्य मिळून दर चौरस मीटरला तीस किलोंच्या आत राहते. न्हाणीघरात मात्र जुनी लादी हातोडी-छिन्नीने काढावीच लागली, कारण तिथली पातळी खोलीपेक्षा खाली राहायलाच हवी आणि वॉटरप्रूफिंगही नव्याने करायचे होते.

वजनाचा हा निकष लावला की निवड आपोआप आटोपशीर होते. कोटा दगड मला मनापासून आवडतो. तो पायाला थंड लागतो, टिकाऊ असतो आणि फार चकचकीत पॉलिश न केलेला असेल तर पावसाळ्यातही पाय घट्ट धरतो. पण जाडीमुळे त्याला मालाचा थर लागतोच, तेव्हा तो बाद झाला. संगमरवराचेही तेच, शिवाय चुनखडीचाच दगड असल्यामुळे लिंबू आणि चिंच त्याची चमक खातात, जे आपल्या स्वयंपाकघरात टाळता येणारे नाही. लॅमिनेट प्रकारची लाकडी जमीन वजनाला हलकी असली, तरी तिचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या भुश्शाचा असतो आणि ओल लागली की कडा फुगतात. खिडकीतून झड आत येणाऱ्या ठाण्याच्या घरात ती घालणे मला पटले नाही.

राहिली व्हिट्रिफाइड टाइल, जी आपल्याकडे बहुतांशी गुजरातमधल्या मोरबीहून येते. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून तिच्यावर डाग मुरत नाहीत. पृष्ठभागाचा विचार मी आईकडे पाहून केला. जून-जुलैच्या दमट हवेत चकचकीत टाइलवर ओलाव्याचा थर धरतो आणि सत्तरीतल्या माणसाच्या पायाखाली तो धोक्याचा असतो. दुकानदार ज्या चकाकीचे कौतुक करतो, ती कोरड्या आणि दिव्यांनी उजळलेल्या दालनातली असते. नमुन्याची टाइल मागून घ्यावी, तिच्यावर पाणी शिंपडावे आणि अनवाणी उभे राहून पाहावे. ‘मॅट’ टाइल पुसायला थोडे अधिक कष्ट पडतात हे खरे, पण घरात वृद्ध माणूस किंवा लहान मूल असेल तर माझ्या दृष्टीने हा प्रश्न तिथेच संपतो.

आकाराबाबत हल्ली दोन बाय चार फुटांच्या टाइलचा आग्रह धरला जातो. जुन्या इमारतीत भिंती काटकोनात नसतात आणि जमीनही सपाट नसते. टाइल जितकी मोठी, तितका एखादा कोपरा वर राहून बोटाला ठेच लागण्याचा संभव अधिक. आम्ही दोन बाय दोनच घेतली. एका पेटीत चार टाइल म्हणजे १.४४ चौरस मीटर जागा भरते. तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त धरून सगळ्या पेट्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या आहेत ना, हे त्या उतरवून घेतानाच तपासावे, कारण दोन लॉटमधल्या रंगछटेचा फरक जमिनीवर अंथरल्यावर लगेच दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाच्या कामाकडे येते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाला धरायला तिच्यात छिद्रेच नसतात. तरीही टाइलच्या पाठीवर मालाचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबून बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. चिकटद्रव्यांसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे, त्यात टाइप १ ते ५ अशा प्रती आहेत आणि जुन्या लादीवर चालणारी प्रत कोणती ते गोणीवर लिहिलेले असते. आमच्या मिस्त्रींनी आधी प्रत्येक जुनी लादी लाकडी मुठीने ठोकून पाहिली, पोकळ वाजणाऱ्या काढून तिथे माल भरला, उरलेल्यांचा गुळगुळीतपणा ग्राइंडरने खरवडला आणि मेणाचा अंश राहू नये म्हणून जमीन धुऊन वाळू दिली. मग दातेरी थापीने चिकटद्रव्य पसरून टाइल बसवल्या आणि मधूनच एखादी उचलून तिची पाठ पूर्ण माखली आहे का, ते मला दाखवले. असे दाखवणारा कारागीर मिळाला, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते.

सांध्यांविषयीही ठाम राहावे लागते. ‘सांधा दिसता कामा नये’ ही मागणी ग्राहकच करतो आणि टाइल एकमेकींना भिडवून बसवल्या जातात. उष्णतेने आणि स्लॅबच्या हालचालीने त्यांना ताण येतो, सरकायला जागा नसते आणि एक दिवस मधली ओळ आवाज करून वर उचलली जाते. टाइलमध्ये अंतर राखणारे दोन मिलिमीटरचे स्पेसर आणि भिंतीलगत पाचेक मिलिमीटरची मोकळी फट, जी पुढे स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकली जाते, एवढ्याने हे टळते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट महाग पडले तरी घ्यावे. हळदीचा डाग त्यात सहसा मुरत नाही.

न्हाणीघरात वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅप (सांडपाणी जाण्याचे तोंड) बंद करून पाणी भरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी जाऊन छत तपासले. टाइल बसवण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे. उतार दर मीटरला एक सेंटीमीटरहून थोडा अधिक असावा, आणि सगळे काम वाळल्यावर बादलीभर पाणी ओतून ते कोपऱ्यात न साचता ट्रॅपकडे जाते का, हे कारागिरासमोरच पाहावे.

टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचून कारागिरांना सिलिकोसिस होतो. पाणी सोडून कापण्याचा आणि मास्क वापरण्याचा आग्रह घरमालकाने धरला, तर तो पाळला जातो. आमच्याकडे कापण्याचे काम सज्जात, ओल्या कटरने झाले आणि शेजाऱ्यांच्या घरातही धूळ गेली नाही.

जमीन सुमारे दीड सेंटीमीटर उंचावल्यामुळे दारे खालून रंधून घ्यावी लागली, तेव्हा सुताराचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. सफाईसाठी अॅसिड अजिबात वापरू नये, कारण ते सिमेंटच्या ग्राउटला पोखरते. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. उरलेल्या टाइलची एक पेटी लॉट नंबर लिहिलेल्या पुठ्ठ्यासकट माळ्यावर ठेवली आहे. पुढे कधी नळासाठी जमीन फोडावी लागली, तर हीच छटा बाजारात पुन्हा मिळेल याची खात्री नसते.