६४१ची दोन रूपं

आजची रात्र एकाच संख्येत गेली: ४,२९,४९,६७,२९७. २चा ३२वा घात आणि वर १. फ्रेंच गणिती फर्मानं १६४०च्या सुमारास ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही माळ पाहिली. सगळ्या मूळ संख्या, सगळ्या २चा घात अधिक १ अशा, प्रत्येक वेळी २चा घातांक दुप्पट. पुढच्याही अशाच असणार असं त्याला मनापासून वाटत होतं. १७३२मध्ये स्विस गणिती ऑयलरनं दाखवलं की लगेच पुढचीच संख्या फुटते: ६४१ × ६७,००,४१७.

मला हा गुणाकार तितका मोठा वाटत नाही. मोठं आहे ते कुठे शोधायचं हे आधीच कळणं. ६४१ ही ११६वी मूळ संख्या. ओळीनं भागत गेलं तर ११६ भागाकार. पण या संख्येचा कोणताही मूळ अवयव घ्या, त्यातून १ वजा केला की उरलेल्याला ६४नं भाग जायलाच हवा. ऑयलरनं ही रीत पुढे सिद्धतेसह मांडली. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते! आणि या चाळणीचं मूळ खुद्द फर्माच्याच छोट्या प्रमेयात आहे (मूळ संख्येनं भाग न जाणारी संख्या घ्या, त्या मूळ संख्येहून एकनं कमी इतका तिचा घात करा, मूळ संख्येनं भागल्यावर बाकी १च उरते), तेही १६४०चंच. याचं मला फार नवल वाटतं.

त्याहून जीव जडलाय तो भागाकार न करता मिळणाऱ्या पुराव्यावर. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्या रूपामुळे ६४१नं भागताना ५ × १२८च्या जागी −१ धरता येतो. १२८ म्हणजे २चा ७वा घात. चौथा घात केला की ६२५ गुणिले २चा २८वा घात, बाकी १. आता दुसरं रूप: ६२५च्या जागी −१६ घाला. १६ म्हणजे २चा ४था घात, २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे २च्या ३२व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. संपलं. दहा अंकी संख्या एकदाही पूर्ण लिहावी लागली नाही.

राहिला दुसरा अवयव, ६७,००,४१७. तो आणखी फुटतो का? १८७८मध्ये फ्रेंच गणिती ल्युकानं चाळणी अजून बारीक केली, ६४च्या जागी १२८. वर्गमूळ २५८८च्या आसपास, त्यामुळे तिथपर्यंतच पाहायचं. एवढ्या पल्ल्यात १२८च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. हे भागाकार मात्र हातानंच केले. बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७,००,४१७ मूळच.