पाऊस पडतो म्हणून दातेरी टायर? नॉर्थ शोअरवर नाही!

पुण्या-नाशिकच्या सायकलवाल्या मंडळींशी बोलणं झालं की प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या व्हँकुव्हरला एवढा पाऊस, मग तू टायर कुठला लावतेस गं?" त्यामागचा हिशेब सरळ आहे. पाऊस म्हणजे चिखल आणि चिखल म्हणजे लांब दात्यांचा टायर. मावळात जुलै महिन्यात सायकल चालवणाऱ्याला तो हिशेब पटणारच. पण इथल्या डोंगरवाटांवर माउंटन बाइक चालवताना तो चुकतो. का चुकतो ते नीट सांगते, कारण त्यात टायर निवडण्याचं बहुतेक मर्म आहे.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेला, खाडीपलीकडे सायप्रस, फ्रॉम आणि सीमोर असे तीन डोंगर आहेत. या पट्ट्याला नॉर्थ शोअर म्हणतात. शहरात वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर डोंगरांवर २००० च्या वर. लोणावळ्यापुढे हा आकडा लहानच. पण आपला पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होतो. इथला ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत बारीक, थंडगार, दिवसच्या दिवस चालू राहतो. त्या काळात जंगल कधी वाळतच नाही.

हे जंगल सीडर, हेमलॉक आणि डग्लस फरचं. वर्षानुवर्षं चाकं फिरून वाटेवरची माती निघून गेली आहे आणि मुळं उघडी पडली आहेत. मुळांच्या मधे ग्रॅनाइटचे धोंडे. पायाखालची माती कुजलेल्या लाकडाची, भुसभुशीत, पाण्याचा निचरा करणारी. म्हणजे चिकट चिखल थोडाच, आणि ओलं मूळ व ओला दगड जिकडे तिकडे. त्यात जुन्या ट्रेल्सवर सीडरच्या फळ्यांचे अरुंद पूल. ओल्या जमिनीवरून जाता यावं म्हणून बांधलेले हे पूल या भागाची ओळख बनले. आता बांधणारे फळ्यांऐवजी दगड रचतात, आणि त्यातलं बरंचसं काम १९९७ साली स्थापन झालेल्या नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशनचे स्वयंसेवक करतात. सुट्टीच्या दिवशी पावसात फावडं घेऊन उभी असलेली ही माणसं पाहिली की मला फार आदर वाटतो.

आता त्या लांब दात्यांचा विचार करा. ते मऊ चिखलात रुततात आणि आधार शोधतात. ओल्या मुळात रुतायला जागाच नाही. तिथे दात्याचं फक्त टोक टेकतं, दाता वाकतो आणि चाक निसटतं. इथे हवं असतं चिकटणारं रबर. दाबलं की सावकाश पूर्ववत होणारं, उसळी न मारणारं. म्हणून इथली अनुभवी मंडळी टायरवरच्या नक्षीआधी रबर कुठलं ते बघतात. मॅक्सिस या कंपनीच्या टायरमध्ये सर्वांत मऊ रबर ते मॅक्सग्रिप, मधलं मॅक्सटेरा. श्वाल्बे या कंपनीच्या टायरवर रंगीत पट्टा असतो: जांभळा म्हणजे अल्ट्रा सॉफ्ट, नारिंगी म्हणजे सॉफ्ट. थंडीत रबर आणखी कडक होतं, त्यामुळे ४-५ अंशांच्या सकाळी मऊ आणि मध्यम रबरातला फरक पहिल्याच मुळावर कळतो.

मऊ रबराची किंमत चढावर मोजावी लागते. फ्रॉमवर जाताना माउंटन हायवे नावाचा खडीचा लांब चढ आहे. तिथे मऊ टायर अक्षरशः जमिनीला धरून बसतो. शिवाय तो झिजतोही लवकर. म्हणून इथली रूढ जोडी अशी की पुढे मऊ, मागे मध्यम. मागचं चाक सरकलं तर सायकल बहुतेक वेळा सावरता येते, पुढचं सरकलं तर माणूस जमिनीवर. डाउनहिलचा, म्हणजे उतारावरच्या शर्यतींचा, दक्षिण आफ्रिकी विजेता ग्रेग मिनार याच्या सहभागातून तयार झालेला मॅक्सिसचा असेगाई हा टायर पुढच्या चाकाला इथे खूप दिसतो. दाते मध्यम उंचीचे, पण दाटीवाटीने आणि कडेपर्यंत, त्यामुळे सायकल कशीही कलली तरी काहीतरी टेकलेलं असतं.

आणि हवा! यावर मी तासभर बोलू शकते. महागडा टायर घेऊन त्यात ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरणारे लोक पाहिले की जीव तुटतो. ७० किलोच्या माणसाला २.४ किंवा २.५ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २१ आणि मागे २४ च्या आसपास सुरुवात करायला हरकत नाही. तिथून एकेक पीएसआय कमी-जास्त करत जावं. हवा कमी असली की टायर मुळाभोवती दबतो, जास्त असली की त्यावरून उडतो. फार कमी केली तर दगडावर रिम आपटते. म्हणून टायरची जाडीही बघायची. मॅक्सिसमध्ये याचे प्रकार आहेत: एक्सोची भिंत पातळ आणि हलकी, डबलडाउन दोन थरांचा, डीएच त्याहून दणकट. मागच्या चाकाला दणकट टायर घेतला तर वजन वाढतं, पण हवा निश्चिंतपणे कमी ठेवता येते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

सगळा कॅनडा असा नाही. उत्तरेला स्क्वामिशला उन्हाळ्यात कोरड्या ग्रॅनाइटच्या कातळांवर कुठलंही बरं रबर घट्ट धरतं. कामलूप्सला गेलात तर ओसाड, धुळीचा प्रदेश, पाऊस वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर. कडक जमिनीवर सुटी खडी. तिथे मात्र नक्षीचं महत्त्व वाढतं: कडेचे दाते भक्कम आणि मागचा टायर मधोमध बुटक्या दात्यांचा, जोरात पळणारा.

सह्याद्रीतली उन्हाळी वाट या कामलूप्सच्या जवळची आहे. कडक जमीन, वर मुरूम. तिथे माझ्यासारखा मऊ टायर लावलात तर तो लवकर झिजेल आणि उपयोग थोडा होईल. मध्यम रबर घ्या, कडेचे दाते मजबूत बघा. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस आणि सीलंटला (आतून भोकं बुजवणाऱ्या द्रवाला) पर्याय नाही. आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी टायरमध्ये डोकवा. पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र विरळ, उंच दातेच हवेत, आणि टायर जरा अरुंद, म्हणजे फ्रेममध्ये माती अडकून चाक जाम होत नाही.

आणि पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील, तर तो पुढे लावा. पुढचा जुना काढून मागे टाका. तिथे तो आणखी एक हंगाम सहज निघतो.