द्राक्षाचा हंगाम आणि घरातला ताण
नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीत फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, भाव पडतो. अशा वेळी घरातल्या शेतकऱ्याला नुसतं "काळजी करू नका" म्हणून भागत नाही. कामं वाटून घ्या. व्यापाऱ्यांचे फोन मुलाने घ्यावेत. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, फवारणीच्या औषध दुकानाची उधारी, मजुरी एकाच वहीत सगळ्यांसमोर लिहा, पण सकाळी. रात्री हिशेब काढला की झोप जाते. लपवलेली उधारी सर्वांत जास्त छळते.

कीटकनाशकं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे आधीच करून ठेवा. "मी नसतो तर बरं" असं बोलणं आलं, तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही फोन लागतो.