नवा मीटर, नवे वेळापत्रक
कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या जिन्याखाली आज नवे टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसले. जुन्या मीटरवरून महिन्याकाठी एकच रीडिंग घेतले जाई आणि 100, 300, 500 युनिटांच्या टप्प्यांनुसार बिल ठरे. टप्पे अजूनही आहेतच. परंतु आता वीज कोणत्या वेळी वापरली याचीही नोंद होणार असून, सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील घरगुती वापरासाठी जुलै 2025 पासून प्रति युनिट 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर झालेली आहे. कारण उघड आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते आणि सायंकाळी, घरोघरी दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात नेमके तेव्हा, ती आटते.

हिशेब पटतो. मात्र ज्या घरातील दोघेही नोकरीला जातात, त्यांचा गीझर सकाळी सातला आणि मिक्सर रात्री आठला फिरतो. त्यांनी ही सवलत घ्यायची कधी? (शनिवार-रविवार, एवढेच उत्तर मला सुचले.) आमच्या सासूबाई दिवसभर घरी असतात, त्यामुळे वॉशिंग मशीन आणि इस्त्री दुपारीच चालेल, असे त्यांनी जाहीर करून टाकले. फ्रीज चोवीस तास चालतो, म्हणजे त्याच्या साधारण एक तृतीयांश वापराला सवलत आपोआपच मिळेल.