मानमोडीचं वर्ष

आजी सांगायची, तिच्या सासूची दोन लेकरं १९१८च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एकाच आठवड्यात गेली. त्या साली पावसानं दगा दिला होता. घरात ज्वारीचा दाणा नव्हता.

पुढे त्या साथीतले मुंबईचे आकडे वाचले आणि पोटात कालवलं. दर हजारी मृत्यू : युरोपीय सुमारे ८, पारशी ९, सवर्ण हिंदू १९. आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हणत, त्यांच्यात ६१हून अधिक! विषाणू एकच. पण अर्धपोटी, कोंदट खोल्यांत दाटीनं राहणाऱ्या माणसांत तग धरायची ताकद आणायची कुठून?

२०२१मध्ये काका कोविडनं गेले. मधुमेह जुना होता. त्यांची साखर आधीचं वर्षभर कुणी तपासलीच नव्हती, मीसुद्धा विचारलं नव्हतं.