एका दिवसात माथेरान

सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोलीची लोकल धरायची, नेरळला उतरायचं. बदलापूर लोकल नेरळपर्यंत जातच नाही. रविवारी मेगाब्लॉक आधी पाहून ठेवा, नाहीतर सगळं गणित तिथेच कोलमडतं.

नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते. ती दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. नाक्यावर माणशी प्रवेशकर भरावा लागतो, सुटे पैसे हाताशी असू द्या. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. घोडेवाले 'लय लांब हाय' म्हणतील, पण छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेची वाट सावलीची आणि बरीचशी सपाट आहे. गाडी आली की बाजूला व्हायचं, एवढंच. पाय दुखत असतील तर नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरानपर्यंत छोट्या गाडीची शटल आहे. १९०७ सालची नेरळ-माथेरान छोटी गाडी हौसेची, पण वेळखाऊ. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंदच असते.

पॉइंट मोजत पळू नका. शार्लोट तलाव, इको आणि लुईझा एका बाजूला येतात, तेवढे पुरे. पांढरे बूट नकोत, लाल माती धुऊनही जात नाही. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवलीत तर माकडं ती नेणारच, सॅकमध्ये टाका. आणि सूर्यास्ताला थांबलात तर दस्तुरीवर टॅक्सीची रांग लागलेली असते.