सत्तर टक्के म्हणे!

वायरलेस माउसचा सेल संपतो याबद्दल माझं काहीच म्हणणं नाहीये. सेल आहे, संपणारच. माझं भांडण आहे ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या त्या आकड्याशी. सोमवारी बघितलं सत्तर टक्के, पुढच्या सोमवारी बघितलं तरी साठ-सत्तरच्या आसपासच, त्यामुळे आपण निवांत, आणि मग नेमकी मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केलेली असताना कर्सर जागच्या जागी थिजतो आणि पलीकडून कोणीतरी विचारतं "तुमची स्क्रीन अडकलीये का?" स्क्रीन नाही हो अडकली, माउस गेलाय, सत्तर टक्क्यांवरून थेट वर गेलाय.

हे असं का होतं ते एकदा नीट समजून घेतल्यावर निम्मी चिडचिड कमी झाली माझी, म्हणून सांगतो.

माउसला सेलमध्ये किती जीव उरलाय हे खरं तर कळतच नाही. सेलवाल्या माउसमध्ये तो बहुतेक करून फक्त व्होल्टेज बघतो आणि त्यावरून अंदाज ठोकून देतो. आता साधा अल्कलाइन सेल घ्या, नवा असताना दीड व्होल्टच्या जरा वर असतो आणि वापरू तसा हळूहळू उतरत उतरत ०.९ च्या आसपास येतो. म्हणजे सरळ उतार आहे, त्यामुळे उतारावर आपण कुठे उभे आहोत ते साधारण सांगता येतं. पण रिचार्जेबल सेल, म्हणजे ते निकेल मेटल हायड्राइडवाले, तसे वागतच नाहीत. चार्जरमधून काढल्या काढल्या १.४ वगैरे दाखवतात, थोड्याच वेळात १.२-१.३ वर येतात आणि मग तिथेच ठाण मांडून बसतात, जवळजवळ शेवटपर्यंत, आणि शेवटी एकदम कड्यावरून खाली. माउसच्या डोक्यात हिशोब अल्कलाइनचा असतो, त्याला वाटतं हा अर्धामुर्धा वापरलेला सेल आहे, बरा चाललाय, म्हणून तो आठवडेच्या आठवडे तोच आकडा दाखवत राहतो. तो खोटं बोलत नाहीये, त्याला प्रश्नच चुकीचा दिलाय.

त्यामुळे रिचार्जेबल वापरत असाल तर त्या टक्क्यांकडे बघूच नका, सरळ एक जादा जोडी चार्ज करून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि विषय संपवा. "१.२ व्होल्टचे सेल माउसला चालत नाहीत" असं अजूनही लोक ठामपणे सांगतात, ते काही खरं नाही. एका सेलवर चालणाऱ्या माउसमध्ये व्होल्टेज वाढवून घेणारं सर्किट आत असतंच, कारण अल्कलाइनसुद्धा उतरत उतरत १.२ च्या खाली जातोच की, त्यावर चालतो तर यावर का नाही चालणार? जुने रिचार्जेबल मात्र खरोखरच माउससाठी वाईट होते, कारण ते नुसते पडून राहिले तरी आपोआप उतरायचे, आणि माउसला करंट लागतो थोडासाच पण महिनोन्‌महिने, म्हणजे माउस कमी खायचा आणि सेल स्वतःच जास्त खायचा. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले, ठेवून दिले तरी चार्ज टिकवणारे, आणि तिथून हे चित्र बदललं. आता तसे सेल बऱ्याच कंपन्या काढतात, पाकिटावर "लो सेल्फ डिस्चार्ज" किंवा "प्री-चार्ज्ड" असं काहीतरी लिहिलेलं असतं, तेच घ्यायचे. आणि मोठ्ठा एमएएच आकडा (सेलमध्ये किती चार्ज मावतो तो) बघून हुरळून जायचं नाही, त्यातले बरेच सेल कपॅसिटीसाठी हाच गुण सोडून देतात.

वजनाचं पण आहे. डबल ए अल्कलाइन साधारण २३ ग्रॅम, रिचार्जेबल त्याहून थोडा जड, आणि लिथियमवाला (रिचार्जेबल नाही, तो दीड व्होल्टचा एकदाच वापरायचा असतो तो) १५ ग्रॅमच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन सेलचा माउस दिवसभर ढकलून बघा मनगट काय म्हणतं ते. काही दोन सेलवाल्या माउसमध्ये ते सेल पॅरलल जोडलेले असतात, त्यामुळे एकच टाकला तरी माउस मजेत चालतो, फक्त अर्धा काळ. तुमचा चालतो का बघायला काही लागत नाही, एक काढून बघा. एकाच सेलचा माउस असेल तर डबल ए च्या जागी ट्रिपल ए टाकून राहिलेल्या फटीत अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा कोंबणे हा जुगाडही चालतो, मीही केलाय, वेळ मारून न्यायला उत्तम आहे, कायमचा करू नका, गोळा सरकला की माउस मध्येच गचके खातो.

आता गचक्यांवरूनच, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माउस अडखळायला लागला की आपण पहिला संशय सेलवर घेतो, आणि बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. तुमचा डोंगल, म्हणजे माउसचा तो यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, कुठे लावलाय बघा. तो २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून, केबलमधून डेटा जायला लागला की नेमका त्याच पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट पसरतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपरच काढला होता. म्हणजे होतं काय, तुम्ही एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावता, तिच्या अगदी शेजारच्या पोर्टात डोंगल, फाइल कॉपी सुरू होते आणि माउस लंगडायला लागतो. तुम्ही सेल बदलता, तेवढ्यात कॉपी संपलेली असते, माउस छान चालतो, आणि तुम्ही म्हणता चला सेलच गेला होता. चांगला सेल गेला कचऱ्यात! यावर उपाय फार सोपा आहे, एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल हार्ड डिस्कपासून लांब, माउसच्या जवळ आणा. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात, लोखंडी डब्याच्या पलीकडे, टेबलाखाली डोंगल लावून वर माउस अडखळतो म्हणणाऱ्यांना पण हेच औषध.

ब्लूटूथ माउसचं दुखणं वेगळं. तो बॅटरी वाचवायला झोपतो आणि हलवला की जागं व्हायला क्षणभर घेतो, आपल्याला वाटतं मेला. काही लॅपटॉपमध्ये तर विंडोजच ब्लूटूथ किंवा यूएसबीला पॉवर वाचवायच्या नावाखाली झोपवतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पॉवर मॅनेजमेंटमधली ती टिक काढली की बऱ्याचदा सुधारतं.

तिसरं म्हणजे कॉन्टॅक्ट. सेल काढून हातावर घासून परत टाकला की चालतो, हे आपण रिमोटपासून शिकलोय. यात जादू काही नाही, एक तर स्प्रिंगवरचा मळ घासला जातो आणि दुसरं म्हणजे थोडी विश्रांती मिळाली की अल्कलाइनचं व्होल्टेज जरा वर येतं. अर्थात ही उसनी मिळालेली पंधरा-वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात काम उरका.

आणि ते सेल टेबलावर उभा टाकून उडतो का बघायचं? उडाला तर संपलेला, नाही उडाला तर भरलेला? ते पूर्ण खरं नाही. आतल्या जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं आणि त्याने सेल उडायला लागतो, इथपर्यंत बरोबर, पण २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मोजून बघितलं तर साधारण अर्धा चार्ज शिल्लक असतानाच सेल पुरता उडायला लागलेला असतो. म्हणजे उडणारा सेल नवा नाही एवढंच कळतं. आपण त्याच्या जोरावर किती अर्धे सेल टाकून दिलेत कोण जाणे.

सेल खातं कोण हा पण प्रश्न आहे. मुख्यतः सेन्सर आणि रेडिओ. माउस रोज इतके तास हलत असतो, आणि नसतो तेव्हाही अधूनमधून जागा होऊन कोणी हलवतंय का बघत असतो, म्हणून तर तसलेच सेल टाकलेला कीबोर्ड कितीतरी जास्त टिकतो. खाली लाल भगभगीत लाइट दिसणारे माउस जास्त खाऊ असतात, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड वापरणारे कमी. गेमिंग माउस सेकंदाला १००० वेळा आपली जागा कळवतो, ऑफिसचा साधा १२५ वेळा, एक्सेलमध्ये सेल रंगवायला १००० कशाला पाहिजे, सॉफ्टवेअरमधून कमी करा आणि ती रंगीबेरंगी दिवाळी पण बंद करा. खाली बटण असेल तर बॅगेत टाकताना बंद करा, नाहीतर बॅगेत धक्के बसतात आणि माउस रस्ताभर उठून कामाला लागतो.

फार दिवस वापरायचा नसेल तर मात्र सेल काढूनच ठेवा, हे मी कळकळीने सांगतोय. अल्कलाइन सेल संपत आला की आत हायड्रोजन तयार होतो, सील फुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेत त्याची पांढरी खपली होते. एक नवा एक जुना असे दोन सेल मिसळले तर जुना लवकर उताणा पडतो आणि गळायची शक्यता वाढते. गळलाच तर माउस लगेच फेकू नका. हातात ग्लोव्ह घाला, कानातल्या काडीला थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस लावून ती खपली पुसा (ते अल्कली आहे, आंबट लागलं की निवतं), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक सँडपेपर मारा. स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर मग राम म्हणा.

एवढं सगळं रामायण ऐकून तुम्ही म्हणाल, मग बिल्ट-इन बॅटरीचा का घेत नाही, वायर लावली की झालं. घेतला ना. पहिली दोन वर्षं छान गेली. पण लिथियम आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की थकतेच, आणि ती माउसच्या पोटात, माउसचे स्क्रू त्या खालच्या चिकटवलेल्या पट्ट्यांच्या आड, त्या पट्ट्या एकदा काढल्या की परत नीट बसत नाहीत. आता त्याला कायम वायर लावलेली असते. वायरलेस माउस म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि वायर लावून चालवायचा. निदान याची वायर पुढून लागते. ॲपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंगचं भोक २०१५ पासून पोटाखाली आहे, चार्जिंगला लावला की माउस उताणा, २०२४ मध्ये ॲपलचं स्वतःचं लायटनिंग पोर्ट जाऊन टाइप सी आलं पण भोक तिथेच. त्याच्या आधीचा, २००९ चा, दोन साध्या डबल ए सेलवर चालायचा! म्हणजे प्रगतीच म्हणायची.

टाइप सी वरून आठवलं, स्वस्तातला टाइप सी माउस नव्या चार्जरला, दोन्हीकडे सी असलेल्या केबलने लावला आणि चार्जच झाला नाही तर माउस खराब समजू नका. कंपनीने आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला कळतच नाही की समोर कोणी आहे. एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, होतो चार्ज.

युरोपियन युनियनचा नियम आहे, फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. त्यातून माउसवाल्यांना काही अक्कल येते का बघू. तोपर्यंत माझं मत पक्कं आहे, एका डबल ए सेलचा माउस, दोन रिचार्जेबल सेल, एक आत एक बाहेर. सेल थकला तर सेल बदला, माउस कशाला बदलायचा? चार्जिंगचे पॅडसुद्धा मिळतात, लॉजिटेकने २०१७ मध्ये पॉवरप्ले काढलं, माउस त्या पॅडवर फिरतो आणि फिरता फिरता चार्ज होतो, आयडिया भारीच आहे, पण त्या पॅडला कॉम्प्युटरपासून वायर आहे हो! माउसचा जनक डग्लस एंगेलबार्ट, त्याने १९६८ मध्ये माउस लोकांना दाखवला तेव्हा त्यालाही वायरच होती, ती काढायला आपण केवढा व्याप केला आणि ती हळूच पॅडच्या मागून परत आली.

आणि हो, माउस ऐन वेळी गेलाच तर घाबरू नका, विंडोजवर डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, एंटर मारा, नंबर पॅडवरून कर्सर हलायला लागतो, ५ दाबलं की क्लिक, प्लस दाबलं की डबल क्लिक. फार हळू चालतो आणि समोरच्यांना वाटतं तुम्ही खूप विचार करून क्लिक करताय. नंबर पॅड नसलेला छोटा कीबोर्ड असेल तर ऑल्ट टॅब आणि कंट्रोल एस एवढ्यावर भागवा, लॅपटॉप असेल तर टचपॅड आहेच, तो तुम्ही "माउस आहे ना" म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवलेला नसला म्हणजे झालं.